एन्व्ह फाइल

एन्व्ह फाइल किंवा डॉट-एन्व्ह फाइल ही संगणकीय आज्ञावली सुरू होताना तिला लागणारी मूल्ये साठवणारी एक साधी मजकूर फाइल होय. डेटाबेसचा पत्ता, परवलीचा शब्द, बाह्य सेवेची किल्ली अशी ठिकाणानुसार बदलणारी मूल्ये या फाइलीत 'नाव = मूल्य' अशा ओळींत लिहिली जातात. 'एन्व्ह' हे 'एन्व्हायर्नमेंट' या शब्दाचे लघुरूप आहे. आज्ञावली ज्या संगणकीय परिस्थितीत चालते ती परिस्थिती, असा येथे त्याचा अर्थ होतो. नैसर्गिक पर्यावरणाशी या संज्ञेचा संबंध नाही.

अशा फाइलींत बहुधा गोपनीय माहिती असल्यामुळे त्या उघड होणे हे माहितीच्या गळतीचे एक नेहमीचे कारण ठरले आहे. एकदा उघड झालेली किल्ली फाइल पुसल्याने पुन्हा गुप्त होत नाही. ती रद्द करून नवी घ्यावी लागते. म्हणूनच एन्व्ह फाइलींच्या व्यवस्थापनात फाइल सुरक्षित ठेवण्याइतकेच महत्त्व किल्ली सहज बदलता येण्याला दिले जाते. संकेतस्थळे आणि मोबाइल ॲप यांच्याप्रमाणेच कारखान्यांतील मापन व नियंत्रण प्रणालींनाही हा प्रश्न लागू होतो. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर हा औद्योगिक पट्टा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

इतिहास

आज्ञावलीला बाहेरून मूल्ये पुरवण्याची 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल', अर्थात पर्यावरण चल, ही सोय युनिक्स या कार्यप्रणालीच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत आली. पुढे ती इतर प्रमुख कार्यप्रणालींनीही स्वीकारली. तरीही अनेक वर्षे परवलीचे शब्द थेट सोर्स कोडमध्ये लिहिण्याची पद्धत रूढ होती. कोड एकाच संगणकावर किंवा एकाच कार्यालयात राहत असे तोवर या पद्धतीचा धोका मर्यादित होता.

२००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट ही आवृत्ती-नियंत्रण प्रणाली तयार केली आणि २००८ मध्ये गिटहब ही सेवा सुरू झाली. त्यानंतर कोड सार्वजनिक ठिकाणी ठेवणे व वाटून घेणे अतिशय सोपे झाले. कोडमध्ये लिहिलेली गुपितेही त्याच्याबरोबर सार्वजनिक होऊ लागली.

२०११ च्या सुमारास हेरोकू या क्लाउड कंपनीचे ॲडम विगिन्स यांनी 'ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप' ही बारा तत्त्वांची मांडणी प्रसिद्ध केली. तिच्यातील तिसऱ्या तत्त्वानुसार ठिकाणानुसार बदलणारी मूल्ये कोडपासून वेगळी काढून पर्यावरण चलांत ठेवावीत. एखादा प्रकल्प या कसोटीला उतरतो की नाही हे पाहण्याची एक सोपी रीतही तेथे सांगितली आहे : प्रकल्पाचा संपूर्ण कोड या क्षणी सर्वांसाठी खुला केला तर एखादे गुपित उघड होईल का, हा प्रश्न विचारावा.

प्रत्येक वेळी ही चले हाताने भरणे गैरसोयीचे असल्यामुळे ती एका फाइलीतून वाचणारी साधने पुढे आली. रूबी भाषेसाठी ब्रँडन कीपर्स यांनी 'डॉटएन्व्ह' हा संच तयार केला. पुढे पीएचपी, पायथन, जावास्क्रिप्ट आदी भाषांत त्याच धर्तीचे संच आले. नोड या प्रणालीत २०२३ पासून अशी फाइल वाचण्याची सोय मुळातच उपलब्ध आहे.

स्वरूप

एन्व्ह फाइलीत प्रत्येक ओळीवर एक जोडी असते. प्रत्यक्षात चलांची नावे रोमन मोठ्या अक्षरांत लिहितात. पुढील नमुना केवळ समजण्यासाठी देवनागरीत दिला आहे.

डेटाबेस_पत्ता=स्थानिक
डेटाबेस_परवली=येथे_खरा_शब्द
संदेशसेवा_किल्ली=येथे_खरी_किल्ली
चाचणी_अवस्था=होय

फाइलीच्या नावाची सुरुवात टिंबाने होत असल्यामुळे युनिक्स-सदृश प्रणालींत ती नेहमीच्या यादीत दिसत नाही. मात्र ही केवळ दृष्टिआड ठेवण्याची सोय आहे, संरक्षण नव्हे. फाइलीतील मजकूर कूटबद्ध नसतो. फाइल ज्याच्या हाती पडेल त्याला तो जसाच्या तसा वाचता येतो.

सामान्यतः एका प्रकल्पासाठी विकास, चाचणी आणि प्रत्यक्ष वापर अशा तीन अवस्थांची स्वतंत्र मूल्ये ठेवली जातात. एका अवस्थेची किल्ली दुसऱ्या अवस्थेत चालू नये, असा संकेत आहे. त्यामुळे विकसकाच्या लॅपटॉपवरील फाइल उघड झाली तरी प्रत्यक्ष ग्राहकांची माहिती धोक्यात येत नाही.

गळतीचे मार्ग

आवृत्ती-नियंत्रणातून होणारी गळती. विकसक संपूर्ण संचिका गिटमध्ये नोंदवतो, तेव्हा एन्व्ह फाइलही अनवधानाने तिच्यासोबत जाऊ शकते. पुढच्या नोंदीत ती काढून टाकली तरी आधीच्या नोंदींच्या इतिहासात ती शिल्लक राहते आणि रेपॉझिटरीची प्रत घेणाऱ्या कोणालाही मिळते.

सर्व्हरच्या चुकीच्या मांडणीतून होणारी गळती. संकेतस्थळाची सार्वजनिक संचिका आणि प्रकल्पाची मूळ संचिका एकच ठेवली गेली, तर ब्राउझरमध्ये पत्त्यापुढे फाइलीचे नाव लिहिताच तिचा मजकूर दिसू शकतो. अशा फाइली शोधणाऱ्या स्वयंचलित आज्ञावल्या इंटरनेटवर सतत कार्यरत असतात.

ब्राउझरकडे जाणाऱ्या कोडमधून होणारी गळती. काही जावास्क्रिप्ट साधने विशिष्ट उपसर्गाने सुरू होणारी चले वापरकर्त्याच्या ब्राउझरकडे पाठवल्या जाणाऱ्या कोडमध्ये मिसळतात. अशा चलात ठेवलेली किल्ली एन्व्ह फाइलीत लिहिलेली असली तरी ती गुप्त राहत नाही. नवशिक्या विकसकांचा येथे वारंवार गैरसमज होतो.

कंटेनर प्रतिमा आणि नोंदवह्यांतून होणारी गळती. डॉकरसारख्या प्रणालीत प्रतिमा थरांनी बनते. एका थरात घातलेली फाइल पुढच्या थरात पुसली तरी आधीच्या थरातून ती परत मिळवता येते. त्रुटी आल्यावर सर्व चले नोंदवहीत छापणाऱ्या आज्ञावल्यांमुळेही गुपिते बाहेर पडतात.

मानवी देवाणघेवाणीतून होणारी गळती. नव्या सहकाऱ्याला फाइल ईमेलने किंवा संदेश-ॲपवरून पाठवणे, अडचण विचारताना पडद्याचे छायाचित्र टाकणे, जुन्या संगणकावर प्रत तशीच राहणे ही या प्रकाराची नेहमीची उदाहरणे आहेत.

या समस्येची व्याप्ती अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडली. गिटहबवरील १ लाखाहून अधिक सार्वजनिक रेपॉझिटरींमध्ये गुपिते उघड असल्याचे आणि दररोज हजारो नवी गुपिते त्यांत भर घालत असल्याचे त्यांना आढळले.

उल्लेखनीय घटना

उबर (२०१६). हल्लेखोरांनी कंपनीच्या खाजगी गिटहब रेपॉझिटरीत प्रवेश मिळवला. तेथे सापडलेल्या क्लाउड सेवेच्या किल्लीने त्यांनी ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती मिळवली. कंपनीने ही घटना २०१७ च्या नोव्हेंबरपर्यंत जाहीर केली नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतील राज्यांशी झालेल्या तडजोडीत तिला १४ कोटी ८० लाख डॉलर भरावे लागले. रेपॉझिटरी खाजगी आहे म्हणून तिच्यात गुपिते ठेवणे सुरक्षित नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

टोयोटा (२०२२). एका उपकंत्राटदाराने सोर्स कोडचा काही भाग गिटहबवर सार्वजनिक केला आणि त्यात सर्व्हरची किल्ली होती. डिसेंबर २०१७ पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच वर्षे, ही बाब लक्षात आली नाही. २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते यामुळे उघड झाले असण्याची शक्यता कंपनीने जाहीर केली.

भारतीय शासकीय प्रणाली (२०२१). 'साकुरा सामुराई' या संशोधक गटाने फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतातील अनेक शासकीय संकेतस्थळांवर गिट संचिका आणि एन्व्ह फाइली उघड्या असल्याचे जाहीर केले. प्रवेशाच्या नाव-परवली जोड्या उघड असल्याची ३५ उदाहरणे, सर्व्हरच्या खाजगी किल्ल्यांच्या ५ जोड्या आणि १३ हजारांहून अधिक वैयक्तिक नोंदी त्यांना आढळल्या होत्या. हा अहवाल राष्ट्रीय महत्त्वपूर्ण माहिती पायाभूत सुविधा संरक्षण केंद्राकडे पोहोचवण्यात आला.

अँड्रॉक्सघोस्ट आणि खंडणी मोहीम (२०२४). जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय आणि सीसा या संस्थांनी 'अँड्रॉक्सघोस्ट' या घातक आज्ञावलीविषयी संयुक्त इशारा दिला. लाराव्हेल या पीएचपी चौकटीवर चालणाऱ्या संकेतस्थळांच्या एन्व्ह फाइली शोधणे हे तिचे एक प्रमुख काम होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालो आल्टो नेटवर्क्सच्या संशोधकांनी १ लाख १० हजार डोमेनना लक्ष्य करणाऱ्या खंडणी मोहिमेचा तपशील प्रसिद्ध केला. या मोहिमेत उघड्या एन्व्ह फाइलींतून ९० हजारांहून अधिक वेगवेगळी चले गोळा करण्यात आली होती.

प्रतिबंधात्मक उपाय

पहिला उपाय म्हणजे प्रकल्पाच्या पहिल्याच नोंदीपूर्वी 'गिटइग्नोर' फाइलीत एन्व्ह फाइलीचे नाव घालणे. एकदा नोंदवलेल्या फाइलीवर गिटइग्नोरचा परिणाम होत नाही. त्यामुळे येथे क्रम महत्त्वाचा ठरतो. खऱ्या फाइलीऐवजी चलांची नावे आणि बनावट मूल्ये असलेली नमुना फाइल रेपॉझिटरीत ठेवली जाते. तिच्यावरून नव्या विकसकाला कोणती मूल्ये लागतील हे कळते, पण ती मूल्ये मिळत नाहीत.

दुसरा उपाय स्वयंचलित तपासणीचा आहे. गिटलीक्स, ट्रफलहॉग, डिटेक्ट-सीक्रेट्स यांसारखी मुक्त साधने नोंद होण्यापूर्वी बदल तपासतात आणि किल्लीसारखा मजकूर दिसल्यास नोंद अडवतात. गिटहबने २०२४ पासून सार्वजनिक रेपॉझिटरींसाठी असे संरक्षण आपोआप चालू ठेवले आहे. या साधनांकडून काही वेळा निरुपद्रवी मजकूरही अडवला जातो आणि अपरिचित स्वरूपाची किल्ली निसटते. त्यामुळे ती मानवी तपासणीला पूरक मानली जातात.

तिसरा उपाय सर्व्हरवरील मांडणीचा आहे. एन्व्ह फाइल सार्वजनिक संचिकेबाहेर ठेवणे, ती वाचण्याची परवानगी केवळ संबंधित सेवेच्या खात्याला देणे आणि टिंबाने सुरू होणाऱ्या फाइलींची मागणी वेब सर्व्हरने नाकारणे, या तीन गोष्टींनी थेट ब्राउझरमधून होणारी गळती बहुतांशी थांबते.

मोठ्या संस्था फाइलीऐवजी गुपितांचे कोठार वापरतात. हॅशिकॉर्प व्हॉल्ट, ॲमेझॉनचे सीक्रेट्स मॅनेजर, मायक्रोसॉफ्टचे की व्हॉल्ट ही त्याची उदाहरणे होत. अशा कोठारात कोणी, केव्हा, कोणती किल्ली घेतली याची नोंद राहते. काही कोठारे थोड्या वेळात आपोआप बाद होणाऱ्या तात्पुरत्या किल्ल्या देतात. त्या चोरीस गेल्या तरी त्यांचा उपयोग मर्यादित राहतो. लहान संघांसाठी 'सॉप्स'सारखे साधन फाइल कूटबद्ध करून रेपॉझिटरीत ठेवण्याचा मध्यम मार्ग देते.

या सर्वांच्या मुळाशी किमान अधिकाराचे तत्त्व आहे. केवळ माहिती वाचणाऱ्या सेवेला माहिती पुसण्याचा अधिकार असलेली किल्ली देऊ नये, असे हे तत्त्व सांगते.

गळती झाल्यानंतरची कार्यवाही

गळती लक्षात येताच किल्ली रद्द करून नवी किल्ली लागू करणे हे पहिले काम असते. अनेक जण प्रथम फाइल पुसण्याचा किंवा रेपॉझिटरी खाजगी करण्याचा प्रयत्न करतात. सार्वजनिक झालेली किल्ली शोधणाऱ्या आज्ञावल्या अत्यंत वेगाने काम करत असल्यामुळे तोवर तिची प्रत घेतली गेली आहे, असेच गृहीत धरावे लागते.

दुसऱ्या टप्प्यात त्या किल्लीने काय-काय उघडता येत होते याची यादी करून त्या सेवांच्या प्रवेशनोंदी तपासल्या जातात. तिसऱ्या टप्प्यात 'गिट फिल्टर-रेपो' किंवा 'बीएफजी' या साधनांनी रेपॉझिटरीच्या इतिहासातून फाइल काढली जाते. इतरांनी आधी घेतलेल्या प्रतींवर याचा परिणाम होत नाही, म्हणून ही पायरी किल्ली बदलण्याला पर्याय ठरू शकत नाही. शेवटी संबंधित व्यक्तींना व शासकीय यंत्रणेला कळवण्याचे काम येते.

औद्योगिक प्रणाली आणि बोईसर-तारापूर

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. बोईसरजवळ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे तारापूर औद्योगिक क्षेत्र असून तेथे रसायने, रंगद्रव्ये, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने आहेत. किनाऱ्यालगत १९६९ पासून व्यावसायिक वीजनिर्मिती करणारे तारापूर अणुऊर्जा केंद्र आहे. अशा पट्ट्यात संरचना फाइलीतील गुपित बँक खाते किंवा ग्राहकांची यादी यांच्याखेरीज यंत्रसामग्रीशी आणि सांडपाण्याच्या मोजमापाशीही जोडलेले असू शकते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले; मूल्यांकन झालेल्या औद्योगिक क्षेत्रांत हा सर्वाधिक आकडा होता. त्याआधी फेब्रुवारी २०१४ मध्ये मंडळाने अतिप्रदूषणकारी अशा १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाणी व उत्सर्जन मोजणारी सतत चालणारी ऑनलाइन यंत्रणा बसवण्याचे निर्देश दिले. रंगद्रव्ये, औषधनिर्मिती आणि पोलाद हे उद्योग या यादीत आहेत. आम्लता, रासायनिक प्राणवायू मागणी, गढूळपणास कारण होणारे घनपदार्थ आदींची मोजमापे कारखान्यातून थेट नियामक मंडळांच्या सर्व्हरकडे पाठवणे त्यात अपेक्षित आहे.

मोजमाप पाठवणाऱ्या अशा कोणत्याही यंत्रणेत सर्व्हरचा पत्ता, कारखान्याची ओळख आणि प्रवेशाची किल्ली कोठेतरी साठवावीच लागते. ही मूल्ये उपकरणाच्या संरचना फाइलीत असतील आणि ती फाइल उघड झाली, तर त्या कारखान्याच्या नावाने खोटी मोजमापे पाठवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य होते. आलेला आकडा खरा की खोटा हे सर्व्हरला केवळ किल्लीवरून ओळखता येत नाही. येथे कंपनीच्या गोपनीयतेबरोबरच परिसरातील खाड्या, विहिरी व शेती यांविषयीच्या सार्वजनिक नोंदींची विश्वासार्हताही पणाला लागते. एकाच पुरवठादाराने अनेक कारखान्यांत एकच परवलीचा शब्द ठेवल्यास एका ठिकाणची गळती सर्व ठिकाणांना लागू होते. म्हणून प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र किल्ली देणे, पुरवठादाराचा करार संपताच ती बदलणे आणि ऑनलाइन मोजमापांची प्रयोगशाळेतील नमुन्यांशी पडताळणी करणे, या उपायांना महत्त्व आहे.

नियंत्रण प्रणालीत गुपित कायमचे कोरून ठेवण्याचे परिणाम २०१० मध्ये उघडकीस आलेल्या 'स्टक्सनेट' या आज्ञावलीने जगासमोर आणले. सीमेन्सच्या 'विनसीसी' या औद्योगिक प्रणालीतील डेटाबेसचा परवलीचा शब्द उत्पादकानेच निश्चित केलेला होता. तो आधीच इंटरनेटवर उघड झालेला होता आणि स्टक्सनेटने त्याचा वापर केला. यानंतरही शब्द बदलू नये, कारण त्यामुळे प्रकल्पाचे कामकाज बिघडू शकते, असा सल्ला कंपनीला आपल्या ग्राहकांना द्यावा लागला.

भारतातील जवळचे उदाहरण कुडनकुलम अणुऊर्जा प्रकल्पाचे आहे. तारापूरप्रमाणेच हा प्रकल्पही भारतीय अणुऊर्जा महामंडळ चालवते. महामंडळाने ३० ऑक्टोबर २०१९ रोजी आपल्या प्रणालीत घातक आज्ञावली आढळल्याचे मान्य केले. सर्ट-इन या संस्थेने ४ सप्टेंबरला त्याची कल्पना दिली होती. बाधित संगणक प्रशासकीय कामासाठीच्या, इंटरनेटशी जोडलेल्या जाळ्यातील होता आणि महत्त्वाच्या अंतर्गत जाळ्यापासून तो वेगळा होता, असे महामंडळाने स्पष्ट केले. 'डीट्रॅक' या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या आज्ञावलीच्या नमुन्यात प्रकल्पाच्या अंतर्गत जाळ्यातील खात्याचे नाव व परवलीचा शब्द थेट लिहिलेला आढळला. चोरीस गेलेले गुपित पुढील हल्ल्याचे साधन कसे बनते, हे त्यातून दिसते. नियंत्रण जाळे प्रशासकीय जाळ्यापासून वेगळे ठेवण्याचे महत्त्वही या घटनेने अधोरेखित केले.

पालघर व बोईसर परिसरात मुंबई विद्यापीठाशी संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. संगणकशास्त्राचे विद्यार्थी आपले प्रकल्प बहुधा सार्वजनिक रेपॉझिटरीत ठेवतात. त्यामुळे एन्व्ह फाइलीची शिस्त पहिल्या प्रकल्पापासून लागणे, हे पुढे औद्योगिक प्रणालींवर काम करताना उपयोगी पडते.

कायदेशीर चौकट

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७०-ख नुसार सर्ट-इन ही सायबर घटनांविषयीची राष्ट्रीय संस्था आहे. २८ एप्रिल २०२२ च्या तिच्या निर्देशांनुसार माहितीची गळती, अनधिकृत प्रवेश, तसेच औद्योगिक नियंत्रण प्रणालींवरील हल्ले यांसारख्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवण्याचेही बंधन त्यात आहे. या नोंदी नसतील तर चोरीस गेलेल्या किल्लीने काय केले गेले हे शोधता येत नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार वैयक्तिक माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

मर्यादा

एन्व्ह फाइल कोड आणि गुपित यांना वेगळे करते, परंतु गुपिताचे रक्षण करत नाही. पर्यावरण चले त्या आज्ञावलीने सुरू केलेल्या इतर उपआज्ञावल्यांनाही आपोआप मिळतात. त्यामुळे एखाद्या बाहेरून घेतलेल्या संचात घातक कोड असल्यास तो सर्व चले एकदम वाचू शकतो. या कारणाने प्रत्यक्ष वापराच्या अवस्थेत गुपितांचे कोठार वापरावे आणि एन्व्ह फाइल विकासाच्या अवस्थेपुरती ठेवावी, असा मतप्रवाह आहे. दुसऱ्या बाजूला, लहान संघांना कोठार चालवण्याचा खर्च व गुंतागुंत परवडत नाही. मर्यादित परवानग्या, स्वतंत्र किल्ल्या आणि ठरावीक काळाने होणारी अदलाबदल यांच्या जोडीने वापरलेली साधी फाइल त्यांच्यासाठी पुरेशी ठरते.

हेही पहा

गिट
पर्यावरण चल
स्टक्सनेट
सर्ट-इन
तारापूर अणुऊर्जा केंद्र
पालघर जिल्हा